बॅटरी उतरलेली कॉर्वेट आणि नंबरप्लेटवरचं कुलूप: एका बंद गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच बिल्डिंगमधलं, न्यू जर्सीतलं, फेब्रुवारी महिन्यातलं. गाडी ज्यांची त्यांची ओळख लागू नये म्हणून नावं देत नाही, एकदोन बारीक तपशीलही बदललेत, नुसतं काका आणि काकू म्हणतो, तसंही मी त्यांना तेच म्हणतो. काका साठीचे, मूळचे साताऱ्याकडचे, इकडे येऊन तीसेक वर्षं झाली, आयुष्यभर घरच्यांना पुरेल अशीच गाडी चालवली आणि रिटायर झाल्यावर मनात कधीपासूनची धरून ठेवलेली हौस पूर्ण केली, सेकंडहँड शेवरोले कॉर्वेट ही स्पोर्ट्स कार घेतली. २००९ ची, कूपे, ऑटोमॅटिक, गडद निळी. डीलरने एकच फोब, म्हणजे रिमोट किल्ली, दिला, काकांनी दुसरा मागितला नाही.

गाडीबद्दल थोडं सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ही सी६, म्हणजे कॉर्वेटची सहावी पिढी, २००५ ते २०१३ मॉडेलची, केंटकीमधल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात बनलेली. २००८ पासून त्यात ६.२ लिटरचं व्ही८ इंजिन, ४३० हॉर्सपॉवर. पण आपलं काम इंजिनाशी नाही, दाराशी आहे. सी६ च्या दाराला बाहेरून ओढायचं हँडल नाही, खाचेत हात घातला की आत एक बटण लागतं, फोब खिशात असेल तर ते दाबल्यावर मोटर लॅच, म्हणजे दाराची आतली कडी, सोडते आणि दार उघडतं. दाराला किल्लीचं भोक नाही, ना ड्रायव्हरच्या ना शेजारच्या. आत बसल्यावर बाहेर यायलासुद्धा एरवी बटणच. म्हणजे रोजचं आत शिरणं आणि बाहेर पडणं दोन्ही करंटवर चालतं, आणि करंट देणारी बॅटरी बॉनेटखाली, आणि बॉनेटचा खटका ड्रायव्हरच्या पायाजवळ आत. हे चक्र डोक्यात पक्कं बसवा.

काका डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला गेले, भाचीचं लग्न होतं, मग सातारा, मग कुलदैवत, मग कुणीतरी आजारी म्हणून मुक्काम वाढला, असे दहा आठवडे झाले. गाडी बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये भिंतीकडे तोंड करून, वर कव्हर, लॉक केलेली. बॅटरीला चार्जर नव्हता, केबल काढून ठेवली नव्हती. त्या पार्किंगमध्ये त्यांच्या जागेजवळ प्लगही नाही.

अडचण काय होती

गुरुवारी रात्री काका-काकू आले. शुक्रवारी सकाळी दारावर पार्किंगवाल्यांची नोटीस, सोमवारी सकाळी ८ पर्यंत खालची सगळी पार्किंग रिकामी करा, फ्लोअरचं काम आहे, राहिलेली गाडी टो होईल. काका खाली गेले, कव्हर काढलं, बटण दाबलं, काही नाही. फोबचं बटण दाबलं, काही नाही. फोबचा सेल गेला असेल म्हणून दुकानातून नवीन सेल आणून टाकला, तरी काही नाही. मग त्यांनी मला फोन केला.

मी धंद्याने मेकॅनिक नाही, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे, पण शाळेतल्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुण्यात मामांच्या गॅरेजमध्ये गेल्यात आणि गाड्यांची ओढ तेव्हापासूनची. मी खाली गेलो तेव्हा काका गाडीभोवती फिरत होते, हात खिशात, नाक लाल झालेलं. बाहेर उणे ६ अंश आणि पार्किंग बाजूने उघडी, त्यामुळे आत पण तेवढंच. मला म्हणाले, "अरे चोवीस तास झाले नाहीत येऊन, आणि ही अशी बसलीय. काच फोडू का?"

मी म्हटलं, "काका, थांबा. आज शुक्रवार आहे, आपल्याकडे अडीच दिवस आहेत. आज काही फोडायचं नाही."

हा पहिला निर्णय आणि मला अजूनही तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाडीत कुणी अडकलेलं नव्हतं. आत लहान मूल असतं, म्हातारं माणूस असतं, मुकं जनावर असतं तर मी स्वतः पहिल्या मिनिटाला काच फोडली असती, तिथे विचार करायचा नसतोच. पण इथे आत फक्त एक छत्री आणि काकांचा गॉगल होता. घाई होती ती नोटिशीची, आणि नोटिशीला सोमवार होता.

टो करून घेणं पण सोपं नव्हतं. पार्किंगचं छत खाली, सात फूट, त्यात फ्लॅटबेड ट्रक आत येत नाही. गाडी पार्क गिअरमध्ये अडकलेली, करंट नाही म्हणून गिअर सुटत नाही, म्हणजे मागच्या चाकांखाली ट्रॉल्या घालून ओढत बाहेर आणावी लागणार, आणि कॉर्वेटचं नाक जमिनीपासून इतकं खाली की रॅम्पवर पुढचा भाग घासणार हे नक्की.

कोणते पर्याय समोर होते

आम्ही तिघं वर काकूंच्या स्वयंपाकघरात बसलो, चहा झाला, आणि एकेक पर्याय बोलून बघितला. नीट क्रमाने नाही, जसं सुचेल तसं.

काच फोडणं मी आधीच बाद केलं होतं, पण काकांचं म्हणणं ऐकून घेतलं. बाजूची छोटी काच फोडली तर खर्च कमी येईल असं त्यांना वाटत होतं. खरं तर दाराचं बटण दाबण्यासाठी काच फोडून काही साधत नाही हे आम्हाला तेव्हा उमगलं, कारण आत हात घालून दाराचं बटण दाबलं तरी बटणाला करंटच नाही.

दुसरा, कुलूपवाला बोलावणं. फोन केला, तो १८० डॉलर म्हणाला, आणि काचेची जबाबदारी घेणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्याची पद्धत म्हणजे दाराच्या कडेत हवेची पिशवी घालून फट करायची आणि लांब सळई आत सोडून बटण दाबायचं. या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही, काच थेट छताच्या रबरात बसते, पिशवी फुगवली की सगळा जोर काचेवर. आणि परत तेच, सळईने बटण दाबून उपयोग शून्य. मी त्याला विचारलं की बटण इलेक्ट्रिक आहे, मग? तो म्हणाला आल्यावर बघू. आल्यावर बघू म्हणणाऱ्याला या गाडीला हात लावू द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं.

तिसरा पर्याय मला माहीत होता तो खालून करंट देण्याचा. स्टार्टर मोटरच्या मोठ्या टर्मिनलला बॅटरीची जाड पॉझिटिव्ह केबल थेट येते, त्यामुळे गाडीखाली शिरून त्या टर्मिनलला पॉझिटिव्ह आणि इंजिनच्या धातूला निगेटिव्ह लावलं तर गाडीला करंट मिळतो आणि दार फोबने उघडतं. खोटं नाही, होतं असं. पण गाडी इतकी खाली बसलेली की जॅकवर उचलावीच लागणार, थंडीत, उताराच्या फरशीवर, आणि पान्हा जरा इकडेतिकडे टेकला की ठिणगी. मी हा पर्याय शेवटचा म्हणून बाजूला ठेवला. इथे एक कबूल करतो, मी मनातल्या मनात याच्याकडेच झुकलो होतो, कारण मला तो येत होता. जे येतं तेच करावंसं वाटतं.

मग काकूंनी विचारलं, "गाडीचं पुस्तक कुठाय?"

काका म्हणाले, "गाडीत, कप्प्यात."

काकूंनी फोन घेतला आणि पाच मिनिटांत मॅन्युअलची पीडीएफ काढली. आम्ही दोघं पुरुष तासभर हत्यारांबद्दल बोलत होतो. मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं की बॅटरी गेली तर फोबमधली किल्ली काढा, गाडीच्या मागच्या बाजूला नंबरप्लेटच्या वर कुलूप आहे, त्याने डिकी उघडा, आणि डिकीत ड्रायव्हरच्या बाजूला एक पट्टा आहे तो ओढला की ड्रायव्हरचं दार सुटतं.

काकांनी फोब हातात घेतला, छोटं बटण दाबून खालचा भाग ओढला आणि आतून एक चपटी किल्ली बाहेर आली. गेली चार वर्षं ती त्यांच्या खिशात होती. सकाळी सेल बदलताना पण ती त्यांना दिसली नव्हती, दिसली असेल तरी फोबचाच एखादा भाग वाटली असेल. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, काही बोलले नाहीत, नुसती किल्ली अंगठ्याने पुसत राहिले.

काय केलं

शनिवारी सकाळी नऊला खाली गेलो. सोबत बॅटरी टॉर्च, जुनं ब्लँकेट, कुलपातला बर्फ वितळवायचा स्प्रे, गंज सोडवायचं पातळ तेल, मल्टिमीटर आणि माझा लिथियमचा जंप स्टार्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला बाहेरून करंट देणारं छोटं यंत्र.

कुलूप सापडायलाच वेळ लागला. उभं राहून ते दिसत नाही, ब्लँकेट टाकून गुडघ्यावर बसावं लागतं आणि नंबरप्लेटच्या वरच्या कडेखाली बोट फिरवावं लागतं. बोटाला मीठ आणि चिखलाची कडक पापडी लागली, इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याचा सगळा थर मागच्या चाकांनी तिथे उडवलेला. पापडी काढली, किल्ली घातली, ती अर्धी गेली आणि थांबली.

इथे दुसरा मोठा निर्णय. काका म्हणाले जोर दे. किल्ली पातळ आहे, जोर दिला आणि आत तुटली तर हाच एक रस्ता होता तोही बंद, वर फोब एकच. मी म्हटलं, "काका, आज दुपारपर्यंत वेळ लागला तरी चालेल." आधी बर्फाचा स्प्रे मारला, दोन मिनिटं थांबलो, मग तेल. मग किल्ली फिरवायची नाही, नुसती आत-बाहेर, आत-बाहेर, दरवेळी फडक्याने पुसून. पहिल्या दहाबारा वेळा किल्लीवर काळपट तांबूस चिखल येत होता. परत तेल, परत थांबणं. काकूंनी थर्मासमधून चहा आणला होता, तो प्यायलो. साधारण वीस मिनिटांनी किल्ली पूर्ण आत गेली, आणि तेव्हाही फिरेना. मी पक्कड आणली नव्हती आणि ते बरंच झालं, कारण पक्कड असती तर लावली असती. बोटांनी जेवढा जोर लागतो तेवढाच, डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, परत तेल. मग एकदम आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, टक् असा आवाज आला आणि डिकीची काच एक बोटभर वर आली.

काकूंनी टाळी वाजवली. त्या रिकाम्या पार्किंगमध्ये ती टाळी केवढी घुमली.

डिकी उघडल्यावर पहिलं काम, किल्ली आणि फोब दोन्ही काकांच्या पॅन्टच्या खिशात. कुठेही ठेवायचे नाहीत, डिकीत तर नाहीच. करंट परत आल्यावर गाडी स्वतःहून काय लॉक करेल हे आपल्याला सांगता येत नाही.

पट्टा डाव्या बाजूला सापडला. ओढायच्या आधी मी थांबवलं, कारण काचेचा प्रश्न होता. चौकट नसलेल्या दारांची काच दार उघडताना मोटरने थोडी खाली येते, रबरातून सुटते, आणि मग दार उघडतं, बंद झालं की परत वर जाते. करंट नसेल तर काच खाली येणार नाही, ती रबरात अडकलेलीच असणार, आणि थंडीत रबर काचेला चिकटलेलं असतं. दार झटक्याने ओढलं तर काच तिरकी होते किंवा रबर फाटतं. म्हणून काकू डिकीत वाकून पट्टा ओढणार, काका दाराची खालची कड धरणार, आणि मी दोन्ही तळहात काचेवर ठेवून ती रबरातून हळू सोडवणार असं ठरलं. काकूंनी ओढलं, लॅच सुटल्याचा आवाज आला, दार केसभर हललं. मी काच किंचित बाहेर घेत रबर बोटाने सोडवत गेलो, वरच्या कोपऱ्यापासून मागे, आणि दार उघडलं. ब्लँकेटची घडी करून दाराच्या फटीत ठेवली, चुकून बंद व्हायला नको, कारण काच वर असताना दार आपटलं तर तीच काच रबरावर आदळते.

बॉनेटचा खटका डाव्या पायाजवळ, तो तारेवर चालतो, करंटचा संबंध नाही. कॉर्वेटचं बॉनेट उलटं उघडतं, बिजागरी पुढे आणि उघडी बाजू काचेकडे. बॅटरी मागच्या उजव्या कोपऱ्यात.

मल्टिमीटर लावला, ३.१ व्होल्ट. चांगली बॅटरी नुसती उभी असताना १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. ३.१ म्हणजे ती गेल्यातच जमा.

आता इथे लगेच जंप द्यायचा नाही. रिकाम्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ झालेलं असतं आणि ते शून्याखाली काही अंशांतच गोठू शकतं, भरलेली बॅटरी मात्र खूप कडक थंडीतही गोठत नाही. गोठलेल्या बॅटरीला करंट दिला तर ती फुटू शकते. बाहेर उणे ६ होतं. मी बॅटरीच्या चारी बाजू हाताने चाचपल्या, कुठे फुगलेली नाही, तडा नाही, कडेला ओल नाही. तरीही लगेच काही केलं नाही. काकूंनी घरून दोन गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या, त्या फडक्यात गुंडाळून बॅटरीच्या दोन बाजूंना तासभर ठेवल्या. हे कुठल्या पुस्तकात नाही, मला मनाला समाधान हवं होतं म्हणून केलं.

मग जंप स्टार्टर. पॉझिटिव्ह चिमटा पॉझिटिव्हला, आणि निगेटिव्ह इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि चिमटा लावताना ठिणगी पडते. काकांनी निगेटिव्ह जवळच्या फेंडरला लावायला घेतला होता. कॉर्वेटचं अंग फायबरचं आहे, पत्र्याचं नाही, तिथे लोहचुंबक चिकटत नाही आणि करंटही जात नाही.

जंप स्टार्टरने बॅटरी ओळखलीच नाही. ही यंत्रं ठरावीक व्होल्टच्या खाली बॅटरी आहे हेच मानत नाहीत आणि करंट सोडत नाहीत. त्यावर जबरदस्तीने करंट सोडायचं एक बटण असतं, पण ते दाबलं की उलट्या चिमट्यांपासून वाचवणारी सोय पण बंद होते. त्यामुळे ते दाबायच्या आधी मी आणि काकांनी दोघांनी स्वतंत्रपणे चिमटे तपासले, त्यांनी मोठ्याने म्हटलं, "लाल, अधिक. काळा, इंजिन." मग दाबलं.

डॅशबोर्ड उजळला, आणि त्याच क्षणी अलार्म. हॉर्न, लाइट, सगळं. आम्हाला अपेक्षित होतं, काकांनी खिशातल्या फोबवर अनलॉक दाबलं आणि शांत झालं. त्यांनी बसून ब्रेक दाबला, स्टार्टचं बटण दाबलं, इंजिन दोनदा कण्हलं आणि तिसऱ्यांदा लागलं. टर्मिनलवर १४.२ व्होल्ट, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक.

निकाल

गाडी शनिवारी दुपारीच बाहेरच्या पार्किंगमध्ये गेली. काच, रबर, दार, कुलूप, काहीही मोडलं नाही. कुलूपवाल्याचे १८० डॉलर वाचले.

काकांना वाटलं की आता तासभर चालवली की बॅटरी भरेल. मी नको म्हटलं. इतकी खाली गेलेली आणि तशीच कित्येक दिवस पडलेली बॅटरी, तिच्या प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं, आणि अल्टरनेटर हा भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो, मेलेली जिवंत करण्यासाठी नसतो. सरळ दुकानात नेली, लोड टेस्टला बॅटरी नापास, स्टिकरवर सहा वर्षांपूर्वीची तारीख. नवीन घातली.

मग कारण शोधलं. कुठे काही चालू राहिलं होतं का? दिवा, डॅशकॅम? काही नव्हतं. मी मीटर लावून गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो, आतली कॉम्प्युटरं झोपू दिली आणि मग बघितलं, ३८ मिलिअँपिअर. यात काहीच चूक नाही, ५० च्या आतलं चांगलंच मानतात. पण हिशोब करा. ३८ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.९ अँपिअर-तास, सत्तर दिवसांचे झाले ६४. साठ-सत्तरची बॅटरी नवी असती तरी संपली असती, इथे तर सहा वर्षांची होती आणि थंडी. गाडीत बिघाड नव्हता. ती जशी बनवलीय तशीच वागली, दहा आठवडे चावीची वाट बघत जागी राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधीचं तर उघड आहे, जाण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली असती तर ६४ मधलं काहीच गेलं नसतं. पण त्यातही एक खाच आहे, केबल काढून बॉनेट लावून दार बंद केलं की आपण बरोबर याच परिस्थितीत उभे, फरक इतकाच की जाणूनबुजून. आणि काच? ती करंट असतानाच थोडी खाली घेऊन ठेवावी लागते, नाहीतर दार लावताना रबरावर आदळते. म्हणजे ज्याला मागचं कुलूप माहीत आहे आणि चालतंय याची खात्री आहे त्यानेच केबल काढावी. प्लग असेल तर छोटा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवणं जास्त सोपं. काकांनी आता गाडी प्लग असलेल्या जागी भाड्याने ठेवलीय.

माझ्याकडून काय चुकलं तर मी मॅन्युअलकडे गेलो नाही. मला गाड्या कळतात या भरवशावर मी थेट उपायांवर उडी मारली. आता कुणी बंद गाडीचा फोन केला तर माझा पहिला प्रश्न असतो की तार कुठून जाते. कारण इलेक्ट्रिक दाराच्या मागे कुठेतरी एक साधी तार किंवा दांडी बहुतेक ठेवलेलीच असते, ती कुठे आहे हे प्रत्येक गाडीत वेगळं. पॉर्शच्या ९८७ केमनमध्ये उलटा प्रकार आहे, दार साध्या किल्लीने उघडतं पण बॅटरी पुढच्या डिकीत आणि त्या डिकीचं लॅच करंटवर, त्यामुळे ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये लाल टर्मिनल बाहेर ओढून त्याला पॉझिटिव्ह द्यायचा, निगेटिव्ह दाराच्या लॅचच्या धातूला, आणि मग डिकीचं बटण दाबायचं. पुण्या-मुंबईतल्या साध्या पुश-बटण हॅचबॅकमध्ये सुद्धा फोबच्या पोटात किल्ली असतेच, आणि बऱ्याच गाड्यांत भोक दाराच्या हँडलवरच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. एकदा काढून बघा, वापरून बघा, ते कुलूप पण गंजलेलं असू शकतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आम्ही गाडीबाहेर होतो, थर्मासमध्ये चहा होता, वेळ होता. जून २०१५ मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर गावात ७२ वर्षांचे एक गृहस्थ आपल्या कुत्र्याला घेऊन स्वतःच्या २००७ च्या कॉर्वेटमध्ये बसले आणि बॅटरीची केबल सुटल्यामुळे करंट गेला. दाराचं बटण बंद, काच खाली जाईना, हॉर्न वाजेना, फोन जवळ नव्हता, बाहेर टेक्सासचं ऊन. दोघांचाही आतच जीव गेला. त्याच गाडीत सीटशेजारी जमिनीवर हाताने ओढायचा खटका होता, तारेवर चालणारा, ज्याला करंट लागत नाही. त्यांना तो माहीत नव्हता किंवा सापडला नाही.

काकांना पण तो माहीत नव्हता. चार वर्षं ते त्या गाडीत बसत होते, काकूंना घेऊन, कधी नातवाला घेऊन.

नवीन बॅटरी बसवल्यावर रविवारी संध्याकाळी मी दोघांना गाडीत बसवलं, दारं लावली आणि सांगितलं की आता डोळे मिटून, बटणाला हात न लावता बाहेर या. खटका सीट आणि दार यांच्यामध्ये खाली आहे, बसल्या जागी हात खाली सोडला की लागायला हवा. काकांना दुसऱ्या प्रयत्नात सापडला. काकूंच्या बाजूला मॅटची कड त्याच्यावर आली होती, त्यांना बराच वेळ चाचपावं लागलं, आणि सापडल्यावर त्यांनी आधी ती मॅट काढून माझ्या हातात दिली, मग दार उघडलं. नातू आठ वर्षांचा, पुढच्या शनिवारी आला तेव्हा त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. ती मॅट काकांनी कात्रीने कापून लहान केली, आणि दुसरा फोब प्रोग्राम करून आणला, त्यातली किल्ली वेगळी काढून काकूंच्या पर्समधल्या चेनच्या कप्प्यात आहे.